शिखर तुमचं, पावती कुणाची?

दर वर्षी दोनदा, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस आणि मे महिन्यात, मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरावीक मेसेज फिरू लागतो. किलिमांजारो चढायचे हंगाम दोन, म्हणून मेसेजचेही दोन. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो. ‘नमस्कार मंडळी! येत्या ऑगस्टमध्ये मी आफ्रिकेतलं सर्वोच्च शिखर, ५,८९५ मीटर उंचीचं किलिमांजारो, सर करायला निघालो आहे. ही चढाई माझ्यासाठी नाही, कॅन्सरग्रस्त मुलांसाठी आहे. तुमचा प्रत्येक रुपया मला शिखराच्या एक पाऊल जवळ नेईल.’ खाली लिंक, लिंकखाली क्यूआर कोड, आणि पाच मिनिटांत टाळ्यांची नि जोडलेल्या हातांची रांग लागते.

त्यातल्या शेवटच्या वाक्यावर मी दर वेळी अडखळते. माझा रुपया याला शिखराजवळ नेणार असेल, तर तो मुलांपर्यंत कधी पोचणार? एकच रुपया दोन्हीकडे कसा जाईल? बँकेत उभी हयात गेल्यामुळे असे प्रश्न पडतात, असं घरचे म्हणतात. पण बहुतेक गफलत त्या एका वाक्यातच झालेली असते. पाठवणारा लबाड असतो असं मुळीच नाही. त्याला स्वतःलाही दोन हिशेब वेगळे दिसत नसतात.

निवृत्तीनंतर मी परळमधल्या एका लहान संस्थेची खजिनदार झाले. बाहेरगावाहून टाटा हॉस्पिटलात उपचाराला येणारा रुग्ण आणि त्याच्याबरोबरचं माणूस यांच्या राहण्याची सोय आम्ही करतो. या भागात असं काम करणारे आम्ही एकटे नाही. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून आहे, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड २००६ पासून आहे. तरीही हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या पडतातच. तेव्हा कुणी डोंगर चढून पैसे आणून देत असेल तर त्याच्याकडे बघून नाक मुरडायची चैन आम्हाला परवडणारी नाही.

नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मेसेज आला की सोसायटीच्या कट्ट्यावर एक शेरा हमखास ऐकू येतो, ‘एवढे चार-पाच लाख सहलीवर उधळण्यापेक्षा सरळ संस्थेला देऊन टाक की!’ ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात फारसा दम नाही. युरोप टूरला निघालेल्या शेजाऱ्याला हे कुणी विचारत नाही. मुलाच्या लग्नात स्टेजच्या फुलांवर दोन लाख घालणाऱ्यालाही नाही. ज्याने निदान चार लोकांकडे चांगल्या कामासाठी हात पसरला त्यालाच तेवढं धारेवर धरायचं, हा कुठला न्याय? शिवाय ते चार लाख आमच्याकडे कधी येणारच नव्हते. तो किलिमांजारोला गेला नसता तर बालीला गेला असता. आणि त्याच्या शब्दाखातर ज्यांनी पाचशे-हजार दिले, ते आमचं छापील पत्रक वाचून देणार होते थोडेच! आमची पत्रकं कुठे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे. रद्दीवाल्याकडे जातात.

कष्ट घेऊन दान मागण्यात मुळात काही वावगं नाही. आपल्याकडे तर नाहीच. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी लोकल पकडणाऱ्या बायका याच शहरात आहेत. अंगारकीला रात्रभर चालत सिद्धिविनायक गाठणारे आहेत, पालख्या घेऊन शिर्डीपर्यंत पायी जाणारे आहेत. अंगाला तोशीस लागल्याशिवाय केलेलं आपल्याला पोचल्यासारखं वाटत नाही. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या दोन संशोधकांनी २०१३ साली नेमकी हीच गोष्ट प्रयोगांतून मांडली. निधीसाठीच्या आरामशीर सहलीला येणाऱ्यांपेक्षा निधीसाठी धावावं लागणारे लोक खिशातून जास्त पैसे द्यायला तयार होतात, आणि काम माणसाच्या दुःखाशी निगडित असेल तर हा परिणाम अधिक ठळक दिसतो. मात्र त्यातली एक मेख आपण विसरतो. त्या प्रयोगांत कष्ट ज्याचे, पैसेही त्याचेच होते. नवसाचंही तसंच असतं. किलिमांजारोच्या मेसेजमध्ये दम लागतो एकाला आणि खिसा हलका होतो दुसऱ्याचा. म्हणूनच तिथे हिशेबाची गरज उभी राहते. नवसाला पावती लागत नाही, वर्गणीला लागते.

टेरी फॉक्सचं नाव अशा चर्चेत येतंच, आणि यायलाही हवं. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गेला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनचं अंतर तो कापत होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळे १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाख डॉलर जमले, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येमागे खरोखरच एकेक डॉलर. त्याचं धावणं आणि त्याचा आजार यांच्यात एक धागा होता, तो कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या एखाद्या उपाध्यक्षाने किलिमांजारो चढणं आणि जालन्याच्या मुलाचा रक्ताचा कॅन्सर यांच्यात असा धागा नाही. नसला म्हणून बिघडलं नाही. पण धागा नसेल तर निदान हिशेब तरी हवा.

आता खर्चाचं बोलू. मुंबईहून किलिमांजारोला जाऊन यायचं म्हणजे विमानभाडं आलं, सहल कंपनीचे पैसे आले, राष्ट्रीय उद्यानाचं दिवसागणिक शुल्क, व्हिसा, पीतज्वराची लस, गरम कपडे आणि शेवटी हमालांची बक्षिशी आली. १९९१ पासून तिथे वाटाड्याशिवाय चढताच येत नाही, त्यामुळे ‘आपलं आपण जाऊ’ हा सह्याद्रीतला खाक्या चालत नाही. सगळं धरून तीन लाखांच्या आत फारसं कुणाचं भागत नाही. एव्हरेस्टची गोष्टच निराळी. नेपाळ सरकारने नुसत्या परवान्याचं शुल्क सप्टेंबर २०२५ पासून ११,००० डॉलरवरून १५,००० डॉलर केलं. शेर्पा, प्राणवायू, तंबू यांचा विचार सुरू होण्याआधीच तेरा लाखांहून जास्त रुपये गेले म्हणायचे.

हे पैसे कोण भरतो? एकतर चढणारा स्वतः भरतो. मग विषयच मिटला, त्याला साष्टांग नमस्कार. दुसरी तऱ्हा ब्रिटनमध्ये रुळलेली आहे. संस्था सांगते की अमुक इतकी देणगी जमवा, त्यातून तुमच्या मोहिमेचा खर्च वजा होईल आणि उरलेलं कामाला जाईल. तिथे ही तऱ्हा इतकी सर्रास आहे की करखात्याने तिच्यासाठी वेगळे नियम केलेत. संस्थेने चढणाऱ्याचा प्रवासखर्च उचलला, तर त्याच्या जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या देणगीवर ‘गिफ्ट एड’ची करसवलत मिळत नाही. कारण सरळ आहे. बापाने दिलेल्या पैशातून मुलाची सहल झाली, तर त्याला दान कसं म्हणायचं?

तिसरी तऱ्हा आपली, मुंबईची. तिला काही नावच नाही. ‘मला सपोर्ट करा’ म्हणायचं, जीपेवर पैसे घ्यायचे, त्यातून तिकीट काढायचं, बूट घ्यायचे, आणि परत आल्यावर जे उरेल ते ‘मुलांसाठी’ द्यायचं. किती उरलं, ते त्याचं त्याला माहीत.

गंमत अशी की शिखराचा पुरावा मागायला सगळे तयार असतात. २०१६ साली एव्हरेस्टच्या फोटोत फेरफार केल्याचं उघड झाल्यावर नेपाळ सरकारने महाराष्ट्रातल्या एका गिर्यारोहक दांपत्याची प्रमाणपत्रं रद्द केली आणि दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. शिखरावर पाय ठेवला की नाही हे तपासणारं सरकारी खातं आहे. शिखराच्या नावावर जमलेले पैसे कुठे गेले, हे कुणी तपासतं का?

गल्लीतल्या गणपती मंडळाचं उदाहरण घ्या. वर्गणीवरून आपण मंडळांच्या नावाने कितीही बोटं मोडली, तरी दारात आलेल्या पोराच्या हातात पावती पुस्तक असतं. वर्गणी गोळा करायची म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून परवानगी काढावी लागते. पुढच्या वर्षीच्या अहवालात जमाखर्च छापून येतो, मंडपाला किती, बँडला किती, विसर्जनाच्या ट्रकला किती. खालच्या मजल्यावरच्या आजींचे एक्कावन्न रुपयेही त्यांच्या नावासकट छापलेले असतात. दहावी नापास कार्यकर्त्याला जी शिस्त पाळावी लागते, ती एमबीए झालेल्या गिर्यारोहकाला नको?

आता जे सांगते ते आमच्या कचेरीत घडलेलं आहे. एक गृहस्थ चढाई करून आले. उन्हाने नाक सोललेलं, अंगावर मोहिमेचा टी-शर्ट, बरोबर फोटो काढायला एक मित्र. मोठ्या आनंदाने त्यांनी माझ्यासमोर चेक ठेवला. रक्कम चांगली होती. चेक त्यांच्या स्वतःच्या बचत खात्याचा होता.

‘काकू, ८०जीची पावती माझ्या नावाने करा.’

मी विचारलं, ‘हे सगळे तुमचे पैसे?’

‘नाही हो, लोकांनी दिलेत. पण मला दिलेत ना!’

त्यांना खरोखरच यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. मला मात्र लिहिता लिहिता पेन थांबवावं लागलं. ८०जीची पावती, म्हणजे देणगीवर करवजावट मिळवून देणारी पावती, नोंदणीकृत संस्थाच देऊ शकते, चढणारा देऊ शकत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून तर प्रत्येक देणगीदाराचा तपशील आम्हाला आयकर खात्याला कळवावा लागतो आणि त्यावरून देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. म्हणजे शंभर जणांनी याच्या खात्यात पैसे टाकले, याने एक चेक फाडला, आणि शंभर जणांच्या दानाची करवजावट एकट्याच्या विवरणपत्रात गेली. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही हे खरं, पण जुनीला धरून बसलेले अजून बरेच आहेत, आणि चार-पाच लाखांच्या देणगीवर वाचणारा कर काही किरकोळ नसतो. मी देणगीदारांची यादी मागितली. ‘पाठवतो’ म्हणाले. स्मरणपत्रं गेली. पैसे आम्ही ‘मोहीम निधी, मार्फत’ असं लिहून जमा केले, ८०जीची पावती दिली नाही, आणि ते रागावले ते रागावलेच.

कंपन्यांच्या बाबतीत सरकारने हा प्रश्न केव्हाच ओळखला होता. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना बंधनकारक झालं. तेव्हा जून २०१४ च्या परिपत्रकात केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं की मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं प्रायोजकत्व अशा एकवारच्या कार्यक्रमांवरचा खर्च यात धरला जाणार नाही. सोहळ्याचा खर्च वेगळा आणि कामाचा खर्च वेगळा, एवढंच त्याचं तात्पर्य. मुंबई मॅरेथॉनमध्येही हीच वाट घातलेली आहे. जानेवारीत धावणारा माणूस नोंदणीकृत संस्थेची निवड करतो, पैसे अधिकृत मार्गाने त्या संस्थेकडे जातात आणि पावती देणाऱ्याला मिळते. २००४ पासून हे शहर ती धाव पाहत आलंय. डोंगराला मात्र ही शिस्त अजून लागलेली नाही.

हिशेब चोख असला तरी एक गोष्ट मला सलते. डोंगर चढणारा निधी आणतो आणि कामही तोच निवडतो. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे, जाळीच्या दाराची. केमो घेऊन आलेला माणूस चौथ्या मजल्यावर चढू शकत नाही. लिफ्ट बंद पडली की त्याचा मुलगा आणि आमचा रखवालदार त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेतात. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवायची, घाम पुसायचा, पुन्हा उचलायची. खुर्चीतला माणूस सारखा ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत असतो. एका मोहिमेचे संयोजक निधी कशासाठी द्यायचा हे ठरवायला आले, तेव्हा मी त्यांना लिफ्ट दाखवली. नीट पाहिली त्यांनी, वरखाली जाऊनही आले. मग म्हणाले, ‘मॅडम, गरज पटते हो. पण लिफ्टचं काही व्हिज्युअल होत नाही.’ त्यांना दप्तरं वाटायची होती. आमच्याकडे तेव्हा शाळकरी वयाची मुलं मोजकीच होती. तरी वाटली. बॅनरवर बर्फाच्छादित शिखर, खाली नवी दप्तरं घेतलेली, केस गेलेली मुलं. फोटो छान आला.

लिफ्टची देखभाल, रखवालदाराचा पगार, रात्री दहाला गावाहून आलेल्या बाईशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलणारी कार्यकर्ती, हिशेबनिसाची फी, यावर संस्था चालते. यातलं काहीच शिखरावर फडकवायच्या फलकावर मावत नाही. मोठ्या मोहिमेचा पैसा मोठ्या चित्राकडे ओढला जातो. जी दुःखं चांगली दिसत नाहीत, मूत्रपिंडाचे रुग्ण, म्हाताऱ्यांचा विसरभोळेपणा, व्यसनमुक्ती, त्यांच्यासाठी कुणी किलिमांजारो चढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

एक आणखी बाजू आहे, ती ऑफिसातली. मेसेज मित्राने पाठवला तर आपण ‘बघतो’ म्हणून सुटतो. साहेबाने पाठवला तर? लिंक उघडली की देणगीदारांची यादी दिसते, नाव आणि रक्कम. वरच्या पदावरच्या तिघांनी दहा-दहा हजार दिलेले असतात. नुकतीच लागलेली, विरारहून दीड तास उभ्याने येणारी पोरगी ती यादी खालीवर करते, आपल्या पगाराचा अंदाज घेते आणि एक हजार एक टाकते. नाव न देता देता येतं, पण मग साहेबाला कळणार कसं? याला वर्गणी म्हणा, खंडणी म्हणणं फार होईल. पण स्वखुशीचं दान मी तरी म्हणणार नाही. स्वतःच्या हाताखालच्या माणसांकडे अशी मागणी करूच नये, एवढा साधा संकोच साहेबमंडळींना वाटायला हवा.

डोंगरावर तर मोबदल्याचा प्रश्न आणखी उघडा पडतो. किलिमांजारोवर एका पाहुण्यामागे तीन-चार स्थानिक माणसं राबतात. तंबू, सिलिंडर, खुर्च्या, अंडी, पाहुण्याची बॅग, सगळं त्यांच्या डोक्यावर. एका हमालाने वीस किलोंपेक्षा जास्त ओझं उचलू नये असा नियम आहे आणि फाटकावर वजनही होतं. आपण दम खात ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, करत चालतो आणि ते झपाझप पुढे जाऊन आपला तंबू लावून ठेवतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची भिस्त शेवटच्या दिवशीच्या बक्षिशीवर असते. स्वस्तातली सहल कंपनी निवडली की पैसे वाचतात ते कुणाच्या पोटातून, हे विचारायला हवं. मुंबईच्या मुलांसाठी पैसे जमवताना किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीतल्या हमालाची मजुरी मारली जात असेल, तर ती देणगी मला तरी गोड लागणार नाही.

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. वर चढणाऱ्यांसाठी सामान वाहून नेत होते ते. नेपाळ सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून जाहीर केले ४०,००० नेपाळी रुपये. शेर्पा खवळले आणि त्या हंगामात तिथून चढाई जवळपास झालीच नाही. परवान्यांच्या शुल्कातून येणारी रक्कम आणि मेलेल्या माणसाची ही किंमत, दोन्ही शेजारी ठेवून बघावेत.

एडमंड हिलरींनी या सगळ्याचा क्रम उलटा ठेवला, म्हणून मला ते मोठे वाटतात. २९ मे १९५३ ला तेनझिंग नोर्गे यांच्याबरोबर एव्हरेस्टवर पाय ठेवला तो कुणासाठी निधी म्हणून नाही. चढायचं होतं, चढले. मग ज्यांच्या खांद्यावरून चढलो त्यांना काय हवंय, असं त्यांनी विचारलं आणि शाळा हवी असं उत्तर आलं. १९६० साली हिमालयन ट्रस्ट उभा राहिला, १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा झाली, १९६६ मध्ये खुंदेला रुग्णालय. पुढची सगळी वर्षं हिलरी पैसे मागत जगभर हिंडले. मागताना कुठलंही नवं शिखर पुढे करावं लागलं नाही आणि पैसा गेला तो ज्या डोंगराने नाव दिलं त्याच डोंगरातल्या माणसांकडे.

मग आपल्या डोंगराचं काय? किलिमांजारोच्या मेसेजमध्ये बऱ्याचदा ‘मीटरला एक रुपया’ अशी मागणी असते, म्हणजे ५,८९५ रुपये. कळसूबाई १,६४६ मीटर. मीटरला एक रुपयाच्या हिशेबाने १,६४६ रुपये होतात, आणि कुणी देत नाही. आमच्या ओळखीतल्या एका ट्रेकिंग ग्रुपने करून पाहिलं. ‘कळसूबाई? ते तर आम्ही कॉलेजात असताना केलंय’ असं म्हणून लोकांनी हसून सोडून दिलं. खर्च म्हणावा तर शुक्रवारची शेवटची कसारा लोकल, पुढे जीप, बारी गावात पोहे नि चहा. लोखंडी शिड्या चढून देवीच्या देवळापाशी पोचायचं आणि रात्रीपर्यंत घरी. जमलेला सगळाच्या सगळा पैसा कामाला गेला असता. आणि काम शोधायलाही लांब जायला नको. ती लोकल ज्या शहापूर तालुक्यातून जाते, त्याच तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळा आला की तिथल्याच पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लावतात.

म्हणजे देणगीदारही धुतल्या तांदळाचे नाहीत. आपल्याला गरज मोजायची नसते, उंची मोजायची असते. एकेकाळी याच महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी वर्षाला एक पैसा मागत होते. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरातून मूठमूठ धान्य निघालं. तिथे शिखर नव्हतं. मागणारा माणूस विश्वासाचा आहे की नाही, एवढंच लोकांनी पाहिलं.

आमच्या विश्वस्तांच्या गेल्या वर्षीच्या बैठकीत यावर बराच खल झाला आणि एक ठराव झाला. संस्थेच्या नावाने मोहीम काढायची असेल तर चढणाऱ्याने स्वतःचा खर्च किती आणि तो कोण करतंय, हे मेसेजच्या पहिल्या चार ओळींत आकड्यासकट लिहावं. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. निधी कशासाठी वापरायचा हे संस्था ठरवेल. हाताखालच्या माणसांना मेसेज पाठवू नये. हमालांना योग्य मजुरी देणारी कंपनी निवडल्याचं लेखी कळवावं. आमच्या सर्वांत ज्येष्ठ विश्वस्तांचा विरोध होता. ‘अहो, दारात आलेल्या लक्ष्मीला तुम्ही फॉर्म भरायला लावताय,’ असं ते म्हणाले. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. इतिवृत्तात तो त्यांच्या शब्दांत नोंदवला आहे.

त्यानंतर एका मोठ्या कंपनीतले गृहस्थ अटी वाचून दुसऱ्या संस्थेकडे गेले. फोर्टमध्ये नोकरी करणारी एक मुलगी मात्र थांबली. तिने मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं, ‘माझ्या प्रवासाचे तीन लाख चाळीस हजार मी माझ्या बचतीतून भरलेत, तुमच्याकडून त्यातला एक रुपयाही नको. खालचं खातं संस्थेचं आहे.’ रक्कम आम्हाला वाटली होती त्याहून बरीच कमी जमली आणि ज्येष्ठ विश्वस्तांनी माझ्याकडे सूचकपणे पाहिलंही. पण प्रत्येकाची पावती त्याच्या नावाने गेली, पैसे लिफ्टच्या नव्या मोटरीला लागले, आणि त्या यादीतल्या काहींनी या वर्षी, कुणीही काहीही चढलेलं नसताना, पुन्हा पैसे पाठवले.